बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून

कोठी मी रागात कापली. लोक आता खिडकीतला कूलर बघून विचारतात, "बाई, हा कसा बनवला?" अन् मी पत्रा, मोटर, पोती असं सगळं सांगत बसते. पण खरं सांगायचं तर आधी राग होता. पत्रा मागून आला.

आमचं गाव डोंगरकडा गावाच्या बाजूला. हळदीचा मुलूख. घर म्हणजे पुढं एक खोली, मागं एक खोली अन् वर टिनपत्रे. थंडीत बरं असतं. वैशाखात मात्र टोपल्यातली भाकर दुपारपर्यंत कडक होऊन पापडासारखी मोडते. अशा वैशाखात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सरकारी दवाखान्यात सुटका झाली, मुलगी झाली, मी गल्लीत पेढे वाटले. तिथपर्यंत सगळं झकास.

मग विहीणबाई आल्या. लेकीची सासू. आखाडा बाळापूरला त्यांच्या घरचं खताचं अन् बियाण्याचं दुकान आहे. बाई कामाला वाघीण, बोलायलाही वाघीण. आल्या अन् मागच्या खोलीचा बंदोबस्त करून गेल्या. खिडकीला घोंगडं ठोकलं. दाराला गोधडीचा पडदा. बाजेखाली गवऱ्यांची शेगडी, तिच्यात ओव्याची अन् बाळंतशेपाची धुरी. लेकीच्या कानात तेलात भिजवलेले कापसाचे बोळे, डोक्याला फडकं, पायात मोजे. मोजे! वैशाखात!

"बाळंतिणीला वारं लागता कामा नये," निघताना त्यांनी मला बोट दाखवून सांगितलं. "सव्वा महिना. वारं लागलं की दूध आटतं, अंग धरतं, जन्मभर डोकं दुखतं. ध्यान ठेवा."

आता मी काही शहरातून आलेली नाही. मीही तशीच शेकून निघालेली बाई आहे. पण माझी बाळंतपणं झाली ती धाब्याच्या घरात. हातभर जाड मातीच्या भिंती, वर मातीचं छत, भर उन्हात आत गेलं तरी डोळ्यांना गार वाटायचं. तिथं शेगडी शोभायची. मग आम्ही धाबं पाडून पत्रे टाकले, सुधारलो म्हणून मिरवलो. घर बदललं, ऊन वाढलं, मग शेगडी तेवढी तीच काहून? हे त्या वेळी तोंडातून निघालं नाही. पोटात राहिलं अन् उकळत राहिलं.

विहीणबाई गेल्या तरी गेल्या नाहीत. रोज सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल. आधी नात दाखवायची, मग फोन खाली नेऊन बाजेखालची शेगडी दाखवायची.

"निखारे दिसून न्हाई राहिले."

"हायेत की, राखेखाली हायेत."

"फुंका बरं, मला बघू द्या."

अन् मी, नातवंडं झालेली बाई, फोनसमोर वाकून निखारे फुंकायची. घामानं पदर चिकटायचा. कॉल संपला की शेगडी उचलून अंगणात ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा आत. माझ्याच घरात मी शेगडीची चोरटी वाहतूक करत होते. लेक काही बोलायची नाही. काही विचारलं की "आं?" म्हणायची. कानात बोळे, तिला ऐकू काय येणार!

लेकराला अंगभर घामोळं आलं. आधी ते खूप रडायचं. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "फुफ्फुस मोकळं होतंय, रडू द्या." मग एका दुपारी ते रडेनासं झालं. रडणाऱ्या लेकराची मला भीती वाटत नाही. हे अंगावर घेतलं तरी पीत नव्हतं, नुसतं तोंड उघडं ठेवून पडलं होतं. ओठ सुकलेले, अंग तव्यासारखं. लेकराला पदरात घेतलं. ऑटो केला अन् तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरनं तपासलं, काय काय पाजलं, घंटाभर ठेवून घेतलं. लेकरू जरा सावरलं. मग म्हणाला, "पाणी कमी पडलं अंगात. आई पाणी पीत नाही, पोरीला भट्टीत ठेवलंय. आज आणलं म्हणून बरं. पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. खोली गार ठेवा."

"साहेब, पत्र्याचं घर हाय. गार कशी ठेवू?"

"एसी नाही का?"

"न्हाई."

"मग कूलर घ्या," तो कागदावर लिहिता लिहिता म्हणाला. मान वर केली नाही. त्याच्या डोक्यावर एसी चालू होता, इतका की माझ्या दंडावर काटा आला होता. सांगणं खोटं नव्हतं त्याचं. पण "मीठ कमी पडलं" म्हणावं तसं त्यानं म्हटलं, "कूलर घ्या." हळदीचा पैसा आला तसा दवाखान्यात अन् पेरणीच्या सोयीत वाटला गेला होता. बाजारात दुकानापुढं उभी राहून मी कूलरला हात लावून पाहिला, भाव ऐकला, हात काढून घेतला.

परतताना ऑटोत झळा तोंडावर मारत होत्या अन् मला एकाएकी आठवलं, एसी आमच्या नात्यात आहे की! विहीणबाईंच्या दुकानात. काचेचं दार, आत गेलं की पायाखालची फरशीसुद्धा गार. जावईबापूंनी मला एकदा कौतुकानं समजावून सांगितलं होतं, "मामी, बियाणं लई नाजूक. गरमीनं आतला कोंब मरतो. मग उगवत न्हाई." पाकिटातल्या बियाण्याला गारवा पाहिजे अन् माझ्या मांडीवरच्या कोंबाला शेगडी! घरी पोचेपर्यंत माझं डोकं अंगणातल्या फरशीपेक्षा जास्त तापलं होतं.

पुढच्या खोलीत धान्याची चौकोनी पत्र्याची कोठी होती, माझ्या लग्नात आलेली. मी ती रिकामी केली, आडवी पाडून अंगणात ओढली अन् छन्नी-हातोडा घेऊन बसले. आमचे मालक ओट्यावर तंबाखू मळत होते.

"कोठी कापून राहिली? येडी झाली का?"

"धान्य गोणीत राहील. लेकरू गोणीत न्हाई राहात."

"मी ह्याच्यात न्हाई बरं का. विहीणबाईला तूच जबाब दे."

"तुमी कशातच नसता. तुमी तंबाखू मळा."

आवाज ऐकून शेजारची आपा आली. तिच्या घरी पिढ्यांपासून गाद्या भरायचं काम. माझ्या वयाची आहे, पण माझ्यापेक्षा दात जास्त अन् हसणंही जास्त. तिनं कंबरेवर हात ठेवून बघितलं. "क्या गे, किसपे गुस्सा निकाल रही? पत्रे पे की समधन पे?"

"दोन्हींवर. पकड हिकडून."

तिनं पत्रा पायाखाली दाबला, मी कापत गेले. तीन बाजूंना मोठ्या खिडक्या काढल्या, चौथ्या बाजूला पंख्यापुरता गोल. पत्र्याच्या कडा आपानं हातोडीनं मुडपल्या, हात कापू नयेत म्हणून. पारावरची माणसं येता-जाता बोलून जायची. "काय काकू, रॉकेट सोडून राहिल्या का?" मी म्हटलं, "व्हय, तुला बसवून." मान मुरगळलेला एक टेबल फॅन घरात होता, तो गोलात बसवला. भंगारवाल्याकडून जुन्या कूलरची पाण्याची मोटर आणली. पाणी पडायला शेतातली ठिबकची नळी कापून आणली. तिला भोकं आधीच असतात, थेंब थेंब सारखा पडतो. हळदीच्या मुळाशी पडायचं पाणी आता पोत्यांवर पडणार होतं. त्या नळीची युक्ती माझी. तिचं मला अजून कौतुक आहे, खोटं काहून बोलू.

आता पोती. दुकानात कूलरचं गवत मिळतं, वाळा मिळतो, पण घरात गोणपाटाची थप्पी पडलेली असताना कोण विकत घेणार! हळद बाजारात गेली होती, काही पोती रिकामी परत आली होती. मी ती अंगणात झटकली, धुरळा उडाला, दोघी शिंकलो. धुवायला पाहिजे होती, पण पाणी लांबून आणायचं. अन् मनात म्हटलं, हळद तर आहे! हळद म्हणजे औषध. बाळंतिणीला आपण दुधातून देतो, लागलं-खुपलं की लावतो. तिच्या वासाची हवा गेली पोटात तर चांगलंच की. हा विचार हळदीच्या मुलखातल्या बाईशिवाय जगात कुणाला सुचला नसता.

आपानं गाद्यांच्या सुईनं पोती दुहेरी शिवून तिन्ही खिडक्यांना ताणून बसवली. पहिल्यांदा बटण दाबलं तर पत्र्याला करंट. बोटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या. आपा ओरडली, "मरेगी क्या तू? पानी और बिजली, दोनों साथ में!" मग गावातल्या वायरमनला बोलावलं. त्यानं वायर नीट बांधून दिली, अर्थिंग जमिनीत घातली, खाली लाकडी पाट ठेवायला सांगितला. चालू असताना पत्र्याला हात लावायचा नाही, पाणी भरायचं तर आधी पिन काढायची, हे त्यानं आम्हा दोघींकडून वदवून घेतलं, शाळेतल्यासारखं.

राहिलं वारं. तुम्ही म्हणाल, एवढी रागावलेली बाई, तिला वाऱ्याचं काय! पण जन्मभर ऐकलेलं असं एका दिवसात अंगातून निघत नाही. माझ्याही मनात धास्ती होतीच. खिडकीचं घोंगडं उपटलं, कूलर बाहेरून खिडकीला लावला, तोंड बाजेकडं न करता समोरच्या भिंतीकडं केलं. अन् भिंतीच्या अलीकडं माझं जुनं पांढरं लुगडं आडवं बांधलं. हवा लुगड्यावर आपटायची, भिंतीला लागून फिरायची अन् थकून खाली उतरायची. दुसरी खिडकी बोटभर उघडी ठेवली, नाहीतर खोली दमट होते. बाजेवर बसून मी हात पसरून पाहिलं. गारवा होता. वारं नव्हतं.

त्या दुपारी लेकरू पोटभर प्यालं. घोट घेतल्याचा आवाज येत होता. लेक मोजे काढून झोपली. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. मी दारात बसून दोघींकडं बघत राहिले अन् मला रडू आलं. रडता रडताही राग होताच. एवढ्याशासाठी, एका कोठीच्या पत्र्यासाठी, हे लेकरू माझ्या हातातून गेलं असतं.

कॉलवर विहीणबाईंनी विचारलं, "हे काय घरघर करून राहिलं?"

"शेजारी चक्की हाय."

"कालपातूर नव्हती."

"नवी घातली."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा मी बाहेर पाणी भरत होते. लेकीनं फोन उचलला, लेकराचं तोंड दाखवलं. अन् फोनमधून असा आवाज आला की मला अंगणात ऐकू आला. "अगं बाई! पिवळी पडली! कावीळ झाली माझ्या नातीला!"

मी आत धावले. खरंच पिवळी. कपाळ पिवळं, गाल पिवळे, इवल्याशा मुठी पिवळ्या. झबलं पिवळं, दुपटं पिवळं. मग नजर वर गेली. पांढरं लुगडंही पिवळं. भिंतीला पिवळी झाक. बाजेचा दांडा पिवळा. लुगड्याला कावीळ कशी होईल? मी कूलरच्या बुडातलं पाणी बघायला पळाले. वरणासारखं पाणी. पोत्यांच्या धाग्यांत जन्माची हळद बसलेली, ती पाण्यात सुटून, हवेच्या तुषारांबरोबर रात्रभर आत आली होती. सगळ्यांवर बसली होती.

फोनवर समजावायला गेले तर फोन बंद. बाई निघाल्यासुद्धा होत्या.

दुपार व्हायच्या आत काळीपिवळी जीप आमच्या दारात थांबली. विहीणबाई चपला न काढता आत. कूलर बघितला, लुगडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ही तुमची चक्की का?" म्हणून पुढं होऊन बटण बंद केलं. खिडकी लावली. घोंगडं शोधलं अन् खिळ्याला अडकवलं. कोपऱ्यातली शेगडी ओढून बाजेखाली ढकलली.

"वारं घातलंत बाळंतिणीला! कावीळ आणलीत लेकराला! आता मी दोघींना घेऊन चालले. उठ गं, कपडे भर."

"कावीळ न्हाई, हळद हाय ती! पोत्यांची हळद! डोळे बघा तिचे, पांढरे हायेत."

"मला शिकवता? माझ्या सासूनं माझी बाळंतपणं—"

"तुमच्या सासूच्या घरावर पत्रे होते का?" मी ओरडले. मी विहिणीवर ओरडले. आमच्याकडं मुलीकडचे लोक असं ओरडत नाहीत. मालक ओट्यावरून उठून पार गल्लीच्या टोकाला गेले. "दवाखान्यातून उचलून आणलंय मी हिला, पाण्यावाचून सुकलेली! तुमच्या दुकानात बियाणं मरतं गरमीनं म्हणून एसी लावता. बियाण्याला न्हाई का वारं लागत? त्याचे कान न्हाई बांधले ते! पाकिटाइतकी तरी किंमत हाय का हिची?"

मी वाकले, शेगडी उचलली अन् दारातून अंगणात फेकली. राख उडाली, गवऱ्या फुटल्या. आपा भिंतीवरून डोकावत होती, तिचं डोकं खाली गेलं.

बोलाचाली चालली तेवढ्यात खोली पुन्हा तापली होती. लेकरू कुरकुरलं अन् मग गप्प झालं. तेच गप्प होणं. मला ते ओळखीचं झालं होतं.

अन् लेक उठली. बाजेवरून खाली पाय न ठेवणारी बाळंतीण उठली, डोक्याचं फडकं सोडलं, कानातले बोळे ओढून काढले. तेलानं ओले, सकाळीच घातलेले. त्यातला एक तिनं लेकराच्या कपाळावरून फिरवला. कपाळावर गोरी रेघ उमटली. गालावरून फिरवला, गाल निघाला. बोळा पिवळाधमक झाला होता. तो तिनं सासूच्या तळहातावर ठेवला.

"आत्याबाई, ही बघा कावीळ."

मग तिनं चालत जाऊन घोंगडं काढलं, खिडकी उघडली अन् बटण दाबलं. घरघर सुरू झाली. सासूला म्हणाली, "मी सव्वा महिना इथंच राहणार. तुमाला वारं लागतंय का, बाजेवर बसून बघा." आवाज चढवला नाही. एवढे दिवस "आं? आं?" करणारी माझी पोरगी.

विहीणबाई बसल्या. हातात तो बोळा तसाच. कपाळावर, मानेवर घामाच्या धारा होत्या, गाडीत भाजून आल्या होत्या. मग त्यांनी मानेवरचा पदर जरासा सैल केला. लेकरू पीत होतं, घोट ऐकू येत होते. आपा बाहेरून बोललीच, "अरे, बच्ची कू अभीच हल्दी लगा दिये, दूल्हा भी देखलो अब!" लेक हसली. मी हसले नाही. विहीणबाई हसल्या का ते पदरामुळं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवून आलो. काही नव्हतं, हळदच. पोती मी विहिरीवर नेऊन पाणी पांढरं निघेपर्यंत आपटली. सव्वा महिना तो कूलर चालला. लाइट गेली की मी हातानं लोटीनं पोत्यांवर पाणी ओतायची अन् पुठ्ठ्यानं वारा घालायची. विहीणबाईंनी "चुकलं" म्हटलं नाही. कॉल मात्र येत राहिले, शेगडी दाखवा असं पुन्हा कधी आलं नाही.

नात आता अंगणवाडीत जाते. तिकडं बाळापूरलाच. राग माझा गेलेला नाही. गल्लीत कुठं बाळंतीण आहे अन् वैशाख आहे असं कळलं की मी चपला घालते अन् जाऊन शेगडी बघते. लोक मला भांडकुदळ म्हणतात. म्हणू द्या.

ह्या उन्हाळ्यात विहीणबाईंचा फोन आला. त्यांची स्वतःची खोली दुकानाच्या मागं आहे, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पत्र्याची. एसी दुकानापुरता. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या दिवसभर तिथंच पडून.

"ते तुमचं गोणपाटाचं कसं बनवलं व्हतं?" आवाज हळू होता. "म्हणलं, इचारावं."

माझा राग क्षणभर कुठं बसावं ते न कळून उभाच राहिला. मग मी सगळं सांगितलं. पत्रा कसा कापायचा, ठिबकची नळी, अर्थिंग, पाट, तोंड भिंतीकडं, दुसरी खिडकी बोटभर उघडी.

"अन् पोती?"

"घरात रिकामी असतील ती. हळदीची चालतात."

धुवायचं मी काही बोलले नाही.

चार दिवसांनी लेकीचा फोन. तिला हसू आवरत नव्हतं, शब्द फुटत नव्हता. "आई," ती म्हणाली, "आत्याबाई पिवळ्या झाल्या गं! पण झोपल्यात इतक्या गाढ की, कुणाची उठवायची हिंमत न्हाई."